तळमजला, स्टँडपासून सात मिनिटं

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं वळण शक्य तितकं तसंच ठेवलं आहे.)

चिखलदऱ्याहून बोलतेय. बाहेर इतकं धुकं आहे की समोरचं झाडही दिसत नाही. मध्येच कुत्रा भुंकला तर सांभाळून घ्या. तो आमचा नाही, पण राहतो आमच्याकडेच.

आजचा विषय घरातला आहे. आम्ही अमरावतीचा आमचा फ्लॅट विकायला काढलाय. तळमजला, वन बीएचके, कार्पेट ३८५ चौरस फूट, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत सात मिनिटं. एवढंच सांगितलं की पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, गुंतवणूक म्हणून घेतला होता का? आता त्यांना काय सांगायचं! आमच्या डोंगरावरच्या माणसाला अमरावतीत घर कशाला लागतं, हे समजल्याशिवाय या फ्लॅटची किंमतच समजत नाही. म्हणून म्हटलं, एक भाग यावरच करू.

आम्ही इथे 'खाली जाणं' असं म्हणतो. खाली म्हणजे परतवाडा, नाहीतर अमरावती. चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर, अमरावती साडेतीनशेच्या आसपास. मधे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर रस्ता, त्यातला वरचा सगळा घाट. एक रस्ता धामणगाव गढीवरून मोथ्याने येतो, दुसरा घटांगवरून. विदर्भाचं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण म्हणून तुम्ही इथे येता, भीमकुंड बघता, गाविलगड बघता, कॉफी पिता आणि रविवारी संध्याकाळी परत जाता. आम्ही इथेच राहतो. इथे नगर परिषद आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, शाळा आहे. पण दात काढायचा, डोळ्याचं ऑपरेशन करायचं, पोरीला बारावीनंतर शिकवायचं, तारखेला कोर्टात जायचं, की खाली जावंच लागतं. आणि खाली गेलं की पहिला प्रश्न पडतो, परतीची गाडी कितीची? दुसरा प्रश्न, ती चुकली तर मुक्काम कुठे?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आमचा फ्लॅट.

बाबा मेळघाटात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. सेमाडोह, हरिसाल, मग चिखलदरा अशा बदल्या. आम्ही तीन भावंडं. दहावीनंतर तिघांनाही अमरावतीला शिकायला पाठवायचं तर तीन वर्षं याच्याकडे, दोन वर्षं त्याच्याकडे असं किती दिवस चालणार? नातेवाईक चांगले असले तरी त्यांच्या घराला भिंती असतात. बाबांनी १९९७ साली हा फ्लॅट घेतला. तेव्हा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट याहून थोडा मोठा होता, पैसे जवळपास तेवढेच. लिफ्ट नाही. आई तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, गुडघे ठणठणीत. तरी तिने एकच वाक्य म्हटलं, "मले वर चढवू नका बाप्पा, खालचंच पाहा." बाबांनी खालचाच घेतला.

त्यानंतरची पंचवीस वर्षं त्या दोन खोल्यांत किती माणसं राहून गेली याचा हिशेब कुणाकडे नाही. आम्ही तिघं तर होतोच. बाबांच्या शाळेतली दोन कोरकू मुलं अकरावी-बारावीला होती. आत्या मोतीबिंदूला आली. शेजारच्यांची सून डफरीनला बाळंत झाली तेव्हा तिची सासू महिनाभर होती. चावी एका किराणा दुकानात ठेवलेली असायची. चिखलदऱ्यातल्या निम्म्या घरांना ती चावी कुठे असते हे माहीत होतं. भाडं कुणी दिलं नाही, कुणी मागितलं नाही. जाताना माणूस पिंप भरून जायचा, एवढा एक नियम होता.

आता 'तळमजला' या शब्दाविषयी बोलते, कारण हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. दलाल सांगतो, "खालचा आहे ताई, कुणी घेत नाही, किंमत कमी करा." पुण्यात असेल तसं. वऱ्हाडात मे महिना काढून बघा. अमरावतीला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोन वाजेपर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो. कूलर लावा, पंखा लावा, अंथरुण गरमच. तळमजल्यावर डोक्यावर दुसऱ्याचं घर असतं, त्यामुळे स्लॅबचा ताप त्याला, सावली आपल्याला. खिडकीबाहेर जमिनीवर घोडी ठेवून मोठा कूलर बसवता येतो, बादलीने पाणी टाकता येतं. दुसरं म्हणजे पाणी. अमरावतीला पाणी मोर्शीकडच्या अप्पर वर्धा धरणातून येतं, नळाच्या वेळा ठरलेल्या. दाब कमी असला की वरच्यांचा पंप चालू झाल्याशिवाय घागर भरत नाही. आमच्याकडे नळाची धार सरळ टाक्यात.

आणि तिसरं, जे जाहिरातीत लिहिता येत नाही. बाबांचं आजारपण. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. तो मिटता मिटता २०२२ चा एप्रिल उजाडला. तुमच्यापैकी अनेकांना तो बातम्यांत आठवत असेल. आम्हाला तो आठवतो तो इथल्या सुनसान स्टँडमुळे. बाबांची तेव्हा अमरावतीत औषधं चालू होती, आठ-पंधरा दिवसांनी दाखवायला जावं लागायचं. खाजगी गाडीवाला एका खेपेचे जे मागायचा त्यात महिन्याचा किराणा आला असता. शेवटी आई-बाबांना फ्लॅटवरच नेऊन ठेवलं. स्टँडजवळचं घर, आणि स्टँडवर एक गाडी नाही! पण दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर, मेडिकल कोपऱ्यावर, रिक्षा दारात. मार्चमध्ये बाबा तिथेच गेले. आदल्या रात्री ॲम्ब्युलन्स आली तेव्हा स्ट्रेचर पलंगापासून गाडीपर्यंत सरळ नेता आलं, कुठे वळवावं लागलं नाही, जिन्यात कुणाला उचलून धरावं लागलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांना पुढच्याच वर्षी चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं, ते मी पाहिलंय. असो.

तळमजल्याचे तोटेही आहेत, तेही ऐका. इमारतीचं सांडपाण्याचं चेंबर आमच्या मागच्या खिडकीशी आहे. तुंबलं की पहिलं आमच्याकडे कळतं, वरच्यांना कळतच नाही. पावसाळ्यात मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल येते. डास आहेत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस खिडकीतून आत बघतो, म्हणून पडदा कायम ओढलेला, म्हणून दिवसाही दिवा. वरच्या सगळ्यांची कुरिअरं आमच्याकडे. आम्ही म्हणजे इमारतीचं ऑफिसच. आणि लोक खिडकीसमोर गाड्या लावतात.

गाड्यांवरून आठवलं. आमच्या समोर जी दहा-बारा फुटांची मोकळी जागा आहे ती आमची नाही. दार तिकडे उघडतं म्हणून आमची वाटते एवढंच. पुष्कळ ठिकाणी खालच्या मजल्यावरचे लोक अशा जागेला जाळी लावतात, वर टिन टाकतात आणि विकताना ती 'गॅलरी' म्हणून क्षेत्रफळात धरतात. घेणाऱ्याने सरळ विचारायचं, खरेदीखतात किती लिहिलंय? तेवढंच आपलं. पार्किंगचंही तसंच. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. तरी आजही दलाल 'पार्किंगचे वेगळे' म्हणतो.

आता 'स्टँडजवळ'. या शब्दाने जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशाने फसत नसतील. अमरावतीत जाहिरातीत 'स्टेशनजवळ' लिहिलं असेल तर विचारा, कोणतं स्टेशन? अमरावती स्टेशन म्हणजे बडनेऱ्याहून आलेल्या फाट्याचं शेवटचं टोक, गावाच्या मध्यात. नवी अमरावती नावाचं दुसरं स्टेशन नरखेड मार्गावर. आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक लांबच्या गाड्या थांबतात त्या बडनेऱ्याला, म्हणजे दहा किलोमीटर दूर. तिन्ही स्टेशनंच! स्टँडचं तसंच आहे. मध्यवर्ती बसस्थानक वेगळं, राजापेठचं वेगळं. तुमची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते ते माहीत नसेल तर 'स्टँडजवळ' या शब्दाला काही अर्थ नाही.

आणि गाडी चालू पाहिजे, हे तर मूळ. आमच्या खालीच अचलपूरला बघा. मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतला धावायची, ७६ किलोमीटरची नॅरोगेज. किलिक-निक्सन कंपनीने कापसासाठी बांधलेली लाईन, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. त्या स्टेशनजवळ लोकांनी घरं घेतली, बापजाद्यांनी सांगितलं होतं की स्टेशनजवळची जागा कधी वाया जात नाही. आता कित्येक वर्षं गाडीच नाही. रूळ आहेत, गवत आहे, ब्रॉडगेज होणार या बातम्या आहेत. घराचा पत्ता अजून 'स्टेशन रोड'. उलट बाजूला अमरावतीच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, लगेच 'विमानतळाजवळ प्लॉट' अशा पाट्या लागल्या. आमच्या आईला विमानतळाचा काय उपयोग ते त्या पाट्यांवर लिहिलेलं नाही.

तर सात मिनिटं. ही सात मिनिटं माझी आहेत, हातात पिशवी नसताना. फोनमधला नकाशाही तेवढीच सांगतो. मागच्या महिन्यात आईबरोबर चालून बघितलं. ती आता शहात्तर वर्षांची. तिच्या एका हातात काठी, माझ्या हातात तिची पिशवी. अठरा मिनिटं लागली. त्यातली पाच फक्त रस्ता ओलांडायला. रिक्षावाला इतक्या जवळचं भाडं घेत नाही, घेतलं तर अंतराच्या मानाने भलतंच मागतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा एकटे दुपारी बाराला जाऊ नका. घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस बरोबर घ्या, आणि एकदा पहाटे, एकदा रात्री शेवटची गाडी येते त्या वेळी चालून बघा. दिवे आहेत का, कुत्री किती आहेत, दारूचं दुकान कोणत्या वळणावर आहे, सगळं कळतं.

आणखी एक गोष्ट बदलली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी मोफत झाली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया पूर्वी सहा महिन्यांनी दवाखान्यात जायच्या, त्या आता महिन्याला जातात. आधी तिकिटाच्या पैशांसाठी पोराचं तोंड बघायचं असे, आता आधार कार्ड घ्यायचं आणि निघायचं. गाडी फुकट, पण रात्रीचा मुक्काम फुकट नाही ना! स्टँडजवळच्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची गरज यामुळे वाढली असं माझं मत आहे. बाजारभावात ते दिसत नाही, कारण ज्यांना गरज आहे त्यांच्या हातात पैसा नाही.

मग विकताय कशाला? हे मला रोज कुणीतरी विचारतं.

कारण सरळ आहे. आईचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. त्यानंतर ती परतवाड्याला बहिणीकडे राहणार, तिथेही तळमजलाच आहे. बहिणीची मुलगी यंदा इंजिनिअरिंगला. भावाचं पुण्यात कर्ज. आणि माझं म्हणाल तर इथल्या चार खोल्या पर्यटकांना देऊन आमचं चालतं, पण छपराचं काम दोन पावसाळे पुढे ढकललंय. फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतो. बंद घराला वाळवी लवकर लागते.

बाबांचं मृत्युपत्र नव्हतं. भाऊ म्हणाला, "तुम्ही दोघी हक्कसोड करून द्या, म्हणजे आई आणि मी विकून टाकू, सोपं जाईल. तुमचं तुम्हाला देईनच." वाईट मनाने म्हणाला नाही, आपल्याकडे असंच करतात. पण मी वकिलांना विचारलं होतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मी, भाऊ, बहीण, चौघांचे सारखे हिस्से. विकायचंच असेल तर चौघांनी मिळून खरेदीखतावर सही केली की झालं. त्यासाठी बहिणींनी आधी हक्क सोडायची काही गरज नसते. पैसे चौघांच्या खात्यात वेगवेगळे. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने त्याच्या खात्याचा तपशील पाठवला. बहिणींनो, ऐकताय ना? हक्कसोड ही नोंदणी केलेली, कायमची गोष्ट असते. राखीसारखी दरवर्षी नवी बांधता येत नाही.

आता मुद्द्याचं. दोन गिऱ्हाइकं आली.

पहिलं दलालाने आणलं. त्यांना घर नको होतं, गोदाम पाहिजे होतं. स्टँडजवळ, तळमजला, माल उतरवायला सोपं. आमच्या अपेक्षेपेक्षा दोन लाख जास्त द्यायला तयार, आठ दिवसांत. फक्त त्यातला बराच भाग रोखीने. दलाल म्हणे, "ताई, आजकाल असं गिऱ्हाईक मिळते का?" मिळत नसेल. पण २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय रहिवासी फ्लॅटचं गोदाम करायला महापालिकेची परवानगी लागते, इमारतीतल्या इतरांचा प्रश्न वेगळाच. मी वरच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तू विकून जाशीन वो माय, रात्री बाराले पेट्या आपटतीन त्या आमच्या डोक्यात."

दुसरं गिऱ्हाईक चावीच्या दुकानातून आलं. धारणीकडचं कुटुंब आहे. नवरा आश्रमशाळेत नोकरीला, बायको अंगणवाडीत. सासूचं डायलिसिस अमरावतीला, आठवड्यातून दोनदा. धारणी अमरावतीपासून आमच्याहूनही लांब, मेळघाटातून सेमाडोहचा घाट उतरत यायचं. आठवड्यातून दोनदा तो रस्ता, तोही डायलिसिस झालेल्या माणसाला! सध्या ते तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. सासूबाईंना वर न्यायला अर्धा तास लागतो. फ्लॅट बघायला आले तेव्हा त्यांनी क्षेत्रफळ विचारलं नाही, टाइल्स बघितल्या नाहीत. त्या बाईने दारापासून पलंगाच्या जागेपर्यंत सासूला चालवून बघितलं आणि पायऱ्या मोजल्या. एक पायरी. उंबऱ्याची.

मी त्यांना चेंबर दाखवलं. ओल दाखवली, कपाट सरकवून. भाऊ फोनवर म्हणाला, "काऊन सांगते सगळं?" सांगायचं कारण, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. हे झालं कायद्याचं. आणि डायलिसिसच्या माणसाच्या खोलीत ओल असते हे त्यांना ऑगस्टमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. त्यांनी पंचवीस हजार कमी करायला सांगितले, मी वॉटरप्रूफिंगचा अंदाज काढून तीस केले. भाव असाही होतो.

त्यांचा प्रश्न वेगळा आहे. कर्ज. आणि कर्जाच्या आड आली नझूल.

हा शब्द विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांना नवा असेल. नागपूर-अमरावतीकडच्या जुन्या शहरांत बरेच भूखंड सरकारी मालकीचे, भाडेपट्ट्याने दिलेले असतात, त्यांना नझूल म्हणतात. वर बांधलेलं घर तुमचं, खालची जमीन पट्ट्याची. पट्टा संपला, नूतनीकरण राहिलं, अटीत कुठे परवानगी घ्यायची राहिली, की बँकेचा वकील कागद परत पाठवतो. २०२४ मध्ये शासनाने नागपूर आणि अमरावती विभागासाठी अभय योजना काढली, अशा रहिवासी भूखंडांवर कमी रक्कम भरून ते पूर्ण मालकीचे करून घेता येतील अशी. आमच्या इमारतीतल्या बारा जणांनी मिळून अर्ज केला. बारा जणांना एका खोलीत बसवणं म्हणजे काय ते विचारू नका. दोघं म्हणाले आम्हाला विकायचंच नाही, आम्ही कशाला भरू? त्यांना समजावलं की आपली इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची आहे. प्रत्येक फ्लॅटला जमिनीत अविभाज्य हिस्सा आहे, घोषणापत्रात टक्केवारी लिहिलेली आहे. खालचा असो की वरचा, जमीन सगळ्यांच्याच पायाखाली. पैसे भरून झाले, आदेशाची प्रत यायची आहे.

म्हणजे बघा, एका बाजूला आठ दिवसांत दोन लाख जास्त, दुसऱ्या बाजूला तीस हजार कमी आणि सरकारी कागदाची वाट. आम्ही चौघांनी फोनवर बसून हिशेब केला. दोन लाख तीस हजार भागिले चार, साडेसत्तावन्न हजार प्रत्येकी. लहान रक्कम नाही ही. माझ्या छपराचा अर्धा खर्च आहे. बहीण गप्प होती. भाऊ म्हणाला, गोदामवाल्याला सगळे पैसे चेकने द्यायला सांगून बघू. सांगितलं. तो हसला आणि परत आला नाही, त्यामुळे आमचा मोठेपणा फारसा नाही. पण त्याआधीच आईने तिच्या हिश्श्यापुरतं सांगून टाकलं होतं, "मी त्या म्हातारीले पाहून आली. माही सही तिच्याच कागदावर."

इसार घेतलाय, चेकने, रीतसर करारनामा करून. नव्वद दिवसांची मुदत. कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत, दंड नाही, असं लिहून दिलं. हे कलम दलाल कधी घालू देत नाहीत, पण घाला. खरेदी त्या बाईच्या नावाने होणार आहे, कारण एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साडेतेरा लाखांच्या मूळ भावातून तीस हजार वजा करून जी रक्कम येते, त्यावर एक टक्का म्हणजे तेरा हजारांच्या वर वाचतात. मात्र शुल्क करारातल्या रकमेवर की शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यावर, तर जी जास्त असेल तिच्यावर. म्हणून तो तक्ता आधी बघून ठेवा. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. विकणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यातलं जे कमी पडेल ते. आमच्या १९९७ च्या घराला कोणतं बरं पडतं ते सीए काढतोय.

दलालाने आमची जाहिरात लिहिली होती ती अशी: 'प्राइम लोकेशन, स्टेशन-स्टँड टच, शॉप-ऑफिससाठी उत्तम, त्वरित ताबा.' मी ती काढायला लावली आणि माझी दिली. इसार होईपर्यंत दुकानाच्या काचेवर लावलेली होती. वाचून दाखवते.

'विकणे आहे. वन बीएचके, तळमजला, आत यायला एक पायरी. कार्पेट ३८५ चौरस फूट, समोरची मोकळी जागा सामाईक. लिफ्ट नाही, लागत नाही. मध्यवर्ती बसस्थानक तरुण माणसाला सात मिनिटं, काठीच्या माणसाला अठरा. इर्विन चौक जवळ. उन्हाळ्यात थंड. नळाचं पाणी सरळ टाक्यात. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, चेंबर खिडकीजवळ आहे. नझूलचा अर्ज केलेला आहे, पैसे भरलेले आहेत, आदेश येणे बाकी. चार वारस, चौघांची संमती. फक्त राहण्यासाठी.'

दलाल म्हणाला, "ताई, अशी जाहिरात वाचून कोण येईन?" दुकानदाराने सांगितलं, चार जण आले. तिघांना शेवटची ओळ आवडली नाही.

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय, की आता चिखलदऱ्याच्या माणसांनी चावी कुठे मागायची? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. धारणीवाल्या ताई म्हणाल्या, एखाद्याची गाडी चुकली तर बाहेरच्या खोलीत सतरंजी आहे. तसं मी करारात लिहून घेतलेलं नाही आणि तुम्हीही ते गृहीत धरू नका, त्यांच्या घरात आजारी माणूस आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यांत नातेवाइकांसाठी थांबायची सोय असते, पण ती आधी फोन करून विचारा.

आदेशाची प्रत आली आणि दुय्यम निबंधकाकडची तारीख मिळाली की पुढच्या भागात कळवते. पिंप मात्र आम्ही जाताना भरून ठेवणार आहोत. चला, लाईट जायच्या आत हे अपलोड करते. नमस्कार.